रोजचे पंधरा सेकंद

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. यात पाणी नाही, खड्डे नाहीत, फेरीवाले नाहीत. निवडणूक आहे, पण ती जालन्याची आणि जुनी. विषय आहे घड्याळ. भिंतीवरचं नाही, मशीनच्या पोटातलं. गेले तीन महिने मी एका घड्याळाच्या मागे लागलोय आणि घरचे विचारतात, ऐरोलीतल्या बातम्या संपल्या का? संपल्या नाहीत. ही त्यातलीच एक आहे.

ऐरोलीतल्या एका खासगी संकुलात सफाईचं काम कंत्राटदाराकडे आहे. संकुलाचं आणि कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही, बोलणी चालू आहेत. काम करणाऱ्या बहुतेक बायका. कोणी दिघ्याहून येतं, कोणी रबाळ्याहून, कोणी दिवा गावातून चालत. कामाची वेळ सकाळी सात. गेटच्या आत भिंतीवर चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन. पाच मिनिटांची सवलत आहे. सात-पाचच्या पुढे गेलात की लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

त्यातल्या एक मावशी मला भाजी मार्केटपाशी भेटल्या. मूळच्या परभणीकडच्या, इथे येऊन वीस वर्षं झाली तरी बोली तशीच आहे. म्हणाल्या, "भाऊ, तुमी पेपरात लिहिता ना, मंग एक सांगा. माझा मोबाईल सात म्हनतोय, अन् मशीन सात-सहा म्हनतंय. पैसे कुनाच्या घड्याळानं कापायचे?"

सुपरवायझरकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण त्याचं उत्तर तयार होतं. "मशीन खोटं बोलत नाही साहेब. माणसं बोलतात." मी विचारलं, मग उशीर महिन्याच्या शेवटीच का दिसतो? कारण मावशींनी ती गोष्टही सांगितली होती, की सुरुवातीला कधीच कापत नाहीत, शेवटी-शेवटीच कापतात. त्यावरही उत्तर होतं. महिनाअखेरीला यांच्याकडे रिक्षाचे पैसे नसतात, म्हणून उशीर. हे ऐकायला इतकं पटण्यासारखं आहे की बहुतेक लोक तिथेच थांबतील. गरीब माणसाच्या बाबतीत कुठलंही कारण पटकन पटतं. पण मावशी रिक्षाने येतच नाहीत. पहिल्या तारखेलाही चालत येतात आणि तिसालाही चालतच.

हजेरीचा तक्ता दर महिन्याला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. मावशींच्या मुलीने सगळे फोटो जपून ठेवले होते. ते मी एकाखाली एक लावून पाहिले. पहिल्या पंधरवड्यात लाल शेरे तुरळक, तेही बहुधा खरे उशिराचे. सतरा-अठरा तारखेपासून वाढायला लागतात. विशीनंतर रांगच लागते. पुन्हा एक तारखेला तक्ता स्वच्छ. दर महिन्याला हेच. इतक्या वेगवेगळ्या बायका, वेगवेगळ्या रस्त्यांनी येणाऱ्या, दर महिन्याला एकाच तारखेच्या सुमाराला आळशी होतात आणि एक तारखेला एकदम सुधारतात, हे काही खरं नाही.

एक तारखेला काय होतं? त्या दिवशी सुपरवायझर मशीनची वेळ आपल्या मोबाईलशी जुळवतो. "थोडं पुढे जातं ते, मी करतो ना सेट," असं तो अगदी सहज म्हणाला. म्हणजे मशीन पुढे जातं हे त्याला माहीत होतं. फक्त ते पुढे जाणं आणि तक्त्यातली लाल रांग यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन वेगळी खाती होती ती.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा आहे, इथल्याच आयटी पार्कात नोकरी करतो. छोट्या मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणं हे त्याचं काम. मला काका म्हणतो. त्याला तक्ते दाखवले. तो म्हणाला, "काका, आधी काही बोलू नका कोणाला. रोज एकाच वेळी मशीनचा पडदा आणि तुमचा मोबाईल एकाच फोटोत घ्या. पाच दिवस. मग सांगतो."

मावशींच्या मुलीने घेतले फोटो. दहा ते चौदा तारखेपर्यंत, रोज सकाळी. मशीन मोबाईलच्या पुढे होतं : २ मिनिटं १४ सेकंद, मग २ मिनिटं २९, मग २:४५, मग ३:००, मग ३:१५. त्या पोराने आकडे पाहिले आणि हसला. "रोज पंधरा. एखादा सेकंद इकडेतिकडे. हे घड्याळ बिघडलेलं नाही काका. याचा हिशोब चुकलाय."

मला फरक कळला नाही. मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

कॉम्प्युटर असो, मोबाईल असो, हजेरीचं मशीन असो, त्याला वेळ कळत नाही. त्याला मोजता येतं. आत क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, वीज मिळाली की तो ठरावीक वेगाने थरथरतो. सेकंदाला किती वेळा, ती त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वारंवारता. हा शब्द ऐरोलीकरांना परका वाटायचं कारण नाही. ठाणे-बेलापूर रोडवर आपल्याकडे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ तिथे बसून घालतात. रोज त्यावरून जाणाऱ्या कित्येकांना आत काय चालतं याची कल्पना नसते. तिथल्या पडद्यावर चोवीस तास एक आकडा असतो आणि तो ५० च्या आसपास ठेवायचा असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. ग्रिड कोडने तिला ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच पट्ट्यात राहायला सांगितलंय. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की आकडा खाली येतो.

आता असं घड्याळ घ्या जे विजेची आवर्तनं मोजून चालतं. अशी घड्याळं होती. ५० आवर्तनं झाली की काटा एक सेकंद पुढे. दिवसभर वीज ४९.९ वर राहिली तर ते घड्याळ चोवीस तासांत जवळपास तीन मिनिटं मागे पडेल. घड्याळ बिघडलं का? नाही. त्याने प्रत्येक आवर्तन बरोबर मोजलं. '५० म्हणजे एक सेकंद' हे जे त्याने गृहीत धरलं होतं, तेवढंच त्या दिवशी खरं नव्हतं.

मशीनमध्ये हे गृहीत धरायचं काम कर्नल करतो. लष्करातला नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, सगळ्यात आतला भाग, त्याला कर्नल म्हणतात. आपल्या मोबाईलमधल्या अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स नावाचा कर्नल आहे, आणि हजेरी मशीन, सीसीटीव्हीचा डबा, वायफायचा राउटर असल्या कितीतरी वस्तूंतही तोच असतो. कर्नलला एक आकडा दिलेला असतो : हा स्फटिक, ही चिप, सेकंदाला इतक्या वेळा ठोके देते. त्यावरून तो ठरवतो की किती ठोके झाले की मला उठवा. तेवढे झाले की चिप त्याला टपली मारते, आणि तो आपल्या वहीत ठरलेली वेळ मिळवतो. सेकंदाला शंभर वेळा, हजार वेळा, हेच चालू. टपली, बेरीज. टपली, बेरीज. पडद्यावर दिसणारं ७:०० हे त्या बेरजेचं उत्तर आहे.

दूधवाल्याचं माप आठवा. माप जर पाव चमचा लहान असेल तर दूधवाला प्रामाणिकपणे मोजून देईल आणि तरी तुमचं दूध कमीच भरेल. मापात पाप म्हणतो ना आपण, तसं. फक्त इथे पाप मुद्दाम केलेलं नसतं. बहुतेक वेळा ते भागाकारात असतं.

त्या पोराने जे उदाहरण सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून आकड्यांसकट देतो. जुन्या पीसीमध्ये वेळ मोजणारी चिप सेकंदाला ११,९३,१८२ ठोके घेते. हा विचित्र आकडा कुठून आला? अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीवरून. १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक वापरला. रंगीत टीव्हीच्या रंगाच्या सिग्नलची जी वारंवारता होती तिच्या तो बरोबर चौपट. त्याला बाराने भागलं की हा आकडा येतो. म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचे रंग नीट दिसावेत म्हणून ठरलेला एक आकडा पुढे जगभरातल्या कॉम्प्युटरची घड्याळं चालवत राहिला. यावर वेगळी पोस्ट होईल.

लिनक्सची २.६ ही मालिका डिसेंबर २००३ मध्ये आली. आधी पीसीवर हा कर्नल सेकंदाला शंभर टपल्या घ्यायचा, आता हजार घ्यायला लागला. मग चिपला सांगायचं काय? ११,९३,१८२ भागिले १००० म्हणजे ११९३.१८२ ठोक्यांनी टपली मार. पण चिपला अपूर्णांक कळत नाही. तिला ११९३ सांगावं लागतं. मागचे ०.१८२ गेले. म्हणजे टपली किंचित लवकर येते. पुरता एक मिलिसेकंद व्हायच्या आत. आणि कर्नलने तिला पुरता एक मिलिसेकंद समजून बेरीज केली, तर घड्याळ पुढे पळतं. किती? दिवसाला सुमारे १३ सेकंद. महिन्याला साडेसहा मिनिटं. एका अपूर्णांकाच्या शेपटीमुळे.

लिनक्सवाल्यांनी यावर जे केलं ते सुपरवायझरपेक्षा वेगळं आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथेच आहे. चिप ११९३ वरच मोजणार हे त्यांनी मान्य केलं. पण बेरीज करताना प्रत्येक टपलीला दहा लाख नॅनोसेकंद न धरता ९,९९,८४८ धरायचे, असा हिशोब कर्नलमध्ये घातला. आपण मागितलं किती हे सोडा, प्रत्यक्षात मिळालं किती ते लिहा. एवढंच. घड्याळाचा काटा मागे ओढण्याची गरज उरली नाही.

त्याच कोडमध्ये आणखी एक गंमत होती. आधीच्या २.४ मालिकेत चिपचा आकडा ११,९३,१८० असा लिहिलेला होता, शेवटचे दोन गाळून. पुढे तो ११,९३,१८२ केला गेला. बारा लाखांत दोन, कोणाला काय पडलंय? ती दोनाची तूट जशीच्या तशी हिशोबात उतरली, तर दिवसाला सेकंदाचा सातवा भाग होतो, वर्षाला त्रेपन्न सेकंद. आणि एएमडी कंपनीची इलान नावाची एक चिप होती, छोट्या यंत्रांत बसवायची. दिसायला पीसीसारखीच, पण तिची वारंवारता ११,८९,२००. तिच्यावर नेहमीचाच आकडा वापरला तर दिवसाला पावणेपाच मिनिटांहून जास्त फरक पडतो. म्हणून तिच्यासाठी वेगळा आकडा लिहावा लागला आणि शेजारी सूचना, उद्गारचिन्हासकट, की हिची वारंवारता वेगळी आहे बरं का! कोडमध्ये उद्गारचिन्ह दिसलं की समजावं, इथे कोणाचीतरी रात्र गेलेली आहे. हे त्या पोराचं वाक्य, माझं नाही.

आपल्या हजेरी मशीनमधली चिप पीसीवाली नाही, त्यामुळे आकडे हेच नाहीत. पण जात तीच. साधा क्वार्ट्झ दिवसाला एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे करतो, थंडी-उन्हाने थोडा आणखी. रोज पंधरा, तेही इतके नेमाने, ही स्फटिकाची सवय नाही. कोणीतरी भागाकार केला, बाकी उरली, आणि ती टाकून दिली.

इथे एक प्रश्न मीही विचारला, तुमच्याही मनात आला असेल. आपले मोबाईल तर कधी चुकत नाहीत. त्याचं कारण असं की ते सतत कोणालातरी वेळ विचारत असतात. भारताची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर सांभाळली जाते, आणि नेटवर्कवरून ती विचारता येते. मोबाईल नेटवर्कही आपली वेळ पाठवत असतं. आतला हिशोब थोडा चुकला तरी वरून कोणीतरी कान धरून सरळ करतं. आपलं मशीन भिंतीवर एकटं. इंटरनेटची तार त्याला जोडलेलीच नव्हती, डेटा पेनड्राइव्हवर काढायचे. त्याला कोणी विचारणारं नाही, आणि तेही कोणाला विचारत नाही. असं एकटं यंत्र आपल्याच बेरजेवर विश्वास ठेवून महिनाभर चालतं, आणि त्या बेरजेवर बावीस तारखेला एका बाईचा अर्धा दिवस कापला जातो.

हिशोब करून बघा. रोज पंधरा सेकंद म्हणजे वीस दिवसांत पाच मिनिटं. पाच मिनिटांची सवलत बरोबर विसाव्या दिवशी संपली. त्यानंतर जी बाई ठोक सातला येईल ती मशीनच्या लेखी उशिरा. जी सात वाजून एक मिनिटाला येते ती सतरा तारखेपासूनच. तक्त्यातली लाल रांग तिथूनच सुरू होत होती. तीसला मशीन सात मिनिटं पुढे. आणि संध्याकाळी? सुटायच्या वेळी पुढे गेलेलं मशीन बायकांच्या फायद्याचं व्हायला हवं. पण सुटायची वेळ सुपरवायझरच्या शिट्टीवर ठरते, मशीनवर नाही. येताना मशीनचं घड्याळ, जाताना साहेबांचं. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. न ठरवताही अशा गोष्टी नेहमी एकाच बाजूला झुकतात, एवढं मात्र पत्रकारितेच्या इतक्या वर्षांत पाहिलंय.

मुंबईला हे नवीन नाही म्हणा. १ जानेवारी १९०६ ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. गिरणीमालकांनी घड्याळं पुढे केली, म्हणजे कामगाराला पहाटे सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी दारात उभं राहायचं. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवलं, गिरण्यांवर दगड मारले. मुंबई महापालिका तर आपली जुनी वेळ धरून पुढे कित्येक वर्षं बसली होती. तेव्हा निदान घड्याळ पुढे केलंय हे कामगाराला दिसत तरी होतं, मोठ्या टॉवरवर. रोज पंधरा सेकंद पुढे जाणारं घड्याळ कोणाच्या नजरेला येणार?

आता "मशीन खोटं बोलत नाही" या वाक्याकडे. २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रं तैनात, येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडायला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जायची. आपल्या दशांश पद्धतीत ०.१ सरळ लिहिता येतो, पण कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत तो कधीच पूर्ण लिहिता येत नाही, शेपूट राहतंच. आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ संपत नाही ना, तसं. ते शेपूट कापलेलं होतं. यंत्र शंभर तास न थांबता चालू होतं, आणि साठत साठत फरक झाला सेकंदाचा एक तृतीयांश. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पॅट्रियट भलतीकडेच शोधत राहिलं. स्कड बराकीवर पडलं, २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

आमच्या मावशींचा प्रश्न एवढा मोठा नाही, मान्य आहे. पण शेपूट तेच आहे.

आणि आता जालना. २०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. प्रकरण कोर्टात गेलं ते मतमोजणीवरून नाही, वेळेवरून. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुढे आलं. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्दबातल ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात १४ जुलै २०२० ला जो निकाल लागला, तो आज देशभर वकील तोंडपाठ सांगतात : मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र आहे. यंत्र नीट चालू होतं, असं त्यात लिहून द्यावं लागतं. आमदारकी असो की चोरीची केस, पडद्यावरच्या वेळेला एवढं वजन आहे. माझं म्हणणं इतकंच, की यंत्र नीट चालू असणं आणि त्याने बरोबर वेळ दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं हजेरी मशीन एक दिवसही बंद पडलेलं नव्हतं. त्याच्याबद्दल कोणीही शपथेवर सांगितलं असतं, की नीट चालतंय.

नियम नाहीत असं नाही. २८ एप्रिल २०२२ ला केंद्राच्या सर्ट-इनने आदेश काढला, की डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी कार्यालयं या सगळ्यांनी आपल्या यंत्रांची वेळ राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवावी. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्यात, तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागावरून लोक रात्री उठून बसतात. आणि त्याच रस्त्यावर, जिन्याखालच्या मशीनमध्ये सात मिनिटांचा फरक, आणि त्याला कोणी कधी वेळ विचारली नाही.

तर पुढे काय झालं. फोटो, तक्ते आणि त्या पोराने काढून दिलेला एक साधा आलेख घेऊन आम्ही कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो. मावशी, त्यांची मुलगी, आणखी दोघी, आणि मी. पोरगा आला नाही, त्याला नोकरी आहे. सुरुवातीला नेहमीचं झालं. चहा आला, मशीन महागातलं आहे हे कळलं. मग मावशींच्या मुलीने मोबाईल पुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, आत्ता तुमच्या घड्याळात किती वाजले? आणि खाली फोन करून विचारा मशीनमध्ये किती वाजलेत." तारीख पंचवीस होती. त्यांनी फोन केला. सहा मिनिटांचा फरक. मग चहा दुसऱ्यांदा आला.

मशीन पुरवणाऱ्यांचा माणूस चार दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन आला. नवीन सॉफ्टवेअर टाकलं. मी विचारलं, काय होतं? "टायमिंगचा छोटा इश्यू होता सर, नवीन व्हर्जनमध्ये फिक्स आहे." म्हणजे त्यांच्याकडे दुरुस्ती तयार होती. कधीपासून, ते तो सांगेना. आम्ही पुन्हा पाच दिवस फोटो काढले. पाच दिवसांत मिळून सहा सेकंद. क्वार्ट्झ एवढं करणारच, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय आता त्याला इंटरनेटची तारही जोडली आहे. तार जोडायच्या आधी सॉफ्टवेअर बदलून पाच दिवस बघा, असा त्या पोराचा आग्रह होता. आधीच तार जोडली असती तर रोजचे पंधरा सेकंद आतल्या आत चालू राहिले असते आणि वरून पुसले गेले असते. तार निघाली की पुन्हा तेच.

पैशाचं मात्र अजून अर्धवट आहे. मागच्या दोन महिन्यांची कपात परत मिळाली. त्याआधीचं रेकॉर्ड नाही, असं कंत्राटदार म्हणतो. रेकॉर्ड आहे, मावशींच्या मुलीच्या मोबाईलमध्ये, अकरा महिन्यांचे तक्ते, तारखेसकट. शिवाय गैरहजेरी जेवढी, तेवढ्याच प्रमाणात पगार कापता येतो, असं वेतनाचा कायदा सांगतो. दोन-चार मिनिटांच्या तीन उशिरांना अर्धा दिवस कुठून आला, हा मुद्दा घड्याळ बरोबर असतं तरी उरलाच असता. येत्या सोमवारी पुन्हा बसायचं ठरलंय. नाही जमलं तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज जाईल, तो लिहून तयार आहे.

तुमच्या सोसायटीत, कंपनीत, शाळेत, दवाखान्यात हजेरीचं मशीन असेल, तर पाच दिवस एकाच वेळी मशीनचा पडदा आणि मोबाईल एकाच फोटोत घ्या. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत. सीसीटीव्हीच्या डब्याचंही तसंच करता येईल. शक्य तर महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर घ्या. फरक रोज सारखाच वाढत असेल तर फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नावं मी कोणाची छापणार नाही. त्या पोरानेही कबूल केलंय, की रविवारी बसून तो सगळे आकडे बघून देईल.